गोळ्यांच्या खेळावरची चिठ्ठी

"बाई, पेटी उघडू नका आज. कोंडीबाला पोलिसांनी धरलंय," दुकानदार राजरत्न म्हणाला.

शाळेतून निवृत्त झालेल्या नीलिमाबाई ओट्यावरच थांबल्या. वाईच्या बाजारातल्या या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्या दर शनिवारी यायच्या. पोरं खेळून झालं की खेळाबद्दलचं मत चिठ्ठीवर लिहायची आणि नाव न घालता दाराबाहेरच्या पेटीत टाकायची. ही सवय बाईंनीच लावलेली. खेळलात की लिहा, आणि खरं लिहा, एवढंच त्यांचं सांगणं.

"काय झालं रे?"

"परवा रात्री टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन चोरीला गेलं. त्याच दिवशी पुण्यास्नं आणलेली नवी कॅसेट बी गेली. साऱ्या वाईत एकच हुती. कुलूप शाबूत. किल्ल्या तीनच. माझी, झाडलोट करणाऱ्या कोंडीबाची, नि दुकानातला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या हिंदुरावची. आता दुपारच्या गाडीनं कोंडीबाला साताऱ्याच्या कोर्टात नेत्यात."

"कोंडीबालाच का?"

"त्यो गरीब. लोकांनी त्याचंच नाव घेतलं."

"घरी टीव्ही आहे त्याच्या?"

"आवं, वीज न्हाई त्याच्या घरात!"

"आणि तुझ्या?"

"रंगीत हाय. हिंदुरावनंच बसवून दिला. गावाला रंगीत बसवतोय, नि सोताच्या घरात जुना खोका. टोले मारल्याबिगर लागत न्हाई."

"नवी कॅसेट कोण कोण खेळलं?"

"मी एकटाच, धा मिनिटं. लय भारी. लाल, हिरव्या, निळ्या गोळ्या पडत्यात. एका रंगाच्या चार जुळल्या की फुटत्यात."

बाईंनी पेटी उघडलीच.

'नऊशे नव्व्याण्णव खेळांची कॅसेट ही फसवणूक आहे. सातच खेळ परत परत येतात.'

'गाडीचा खेळ बरा. पण गाडी माणसांवरून जाते आणि कुणी थांबत नाही.'

तिसरी चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

'गोळ्यांचा खेळ आवडला नाही. सगळ्या गोळ्या सारख्याच दिसतात. कधी फुटतात, कधी नाही. बनवणाऱ्याने नियमच ठेवलेला नाही.'

"राजरत्न, हवालदारांना बोलाव. हिंदुरावांनाही."

हिंदुराव आला. मागोमाग त्याची सहावीतली पोरगी ओवी.

बाईंनी चिठ्ठी हवालदाराच्या हातात दिली. "हे लिहिणारं पोर चोरीनंतर खेळलंय. त्याआधी राजरत्नशिवाय कुणी ती कॅसेट लावलीच नव्हती. आणि या पोराला रंग दिसले नाहीत, म्हणून नियमही दिसला नाही. म्हणजे टीव्ही काळापांढरा. राजरत्नचा रंगीत आहे. कोंडीबाकडे टीव्हीच नाही. उरली तिसरी किल्ली."

हिंदुराव ओट्यावर टेकला.

"एका रात्रीपुरतं नेलं हुतं, बाई. पोरं हिला दुकानात शिरू देत न्हाईत, चिडवत्यात. भाड्यानं आणलंय म्हणून सांगितलं हिला. सकाळी ठेवायला आलो, तर दारात हवालदार."

"आणि कोंडीबाला धरलं तेव्हा?"

"धाडस न्हाई झालं."

"त्याला सोडतो," हवालदार म्हणाला. "पण काल चौकात लोकांनी लय बडवलाय. उजवा हात मोडलाय. डॉक्टर म्हणतात, सरळ व्हायचा न्हाई."

राजरत्ननं तोंड फिरवलं. त्या लोकांत तोही होता.

बाप उठून हवालदारामागं निघाला, तशी ओवी बाईंजवळ आली. तिला सगळं कळलं होतं की काहीच नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून समजेना.

"बाई, म्हणजे त्या खेळाला नियम होता?"

"होता गं."

"मग मी चुकीचं लिहिलं. दुसरी चिठ्ठी लिहू? कागद द्या ना."

चाळीस वर्षांत कागद मागणाऱ्या पोराला बाईंनी कधी नाही म्हटलं नव्हतं. आज त्यांचा हात पिशवीकडं गेलाच नाही.