पितळी मूठ

रियाजचा माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त विश्वास. नांदेडच्या इतवाऱ्यातल्या एका दुकानातर्फे तो मराठवाडाभर साखर कारखान्यांत डिजिटल गव्हर्नर बसवत फिरे. मिलमध्ये ऊस पडला की टर्बाइन दमतं, तेव्हा वाफ वाढवायची. ऊस सरला की ते उधळतं, तेव्हा वाफ आवळायची. गव्हर्नरचं काम एवढंच. मुरुडच्या पुढच्या त्या जुन्या कारखान्यात चाळीस वर्षं हे काम पितळी मुठीचं एक यंत्र करत आलं होतं. आता ते पडदा असलेला डबा करणार होता.

गळीत हंगामाला आठ दिवस होते. बॉयलर थंड, वाफेची लाईन बंद, टर्बाइनवर बोटभर धूळ. जुना गव्हर्नर उतरवण्याआधी रियाजनं त्याची मूठ फिरवून काढली. लिंबाएवढी, हातांनी झिजून गुळगुळीत झालेली.

ऑपरेटर वीरेश लांब उभा होता. "रियाजभाई, ती खाली ठिवू नका."

"का बरं?"

"आमच्यात पाळी बदलली की सही नंतर. आधी येणाऱ्याचा हात मुठीवर ठिवायचा. तो 'घेतला' म्हणला की चार्ज त्याचा. हंगाम सरला की आमचे जुने ऑपरेटर ग्यानोबाकाका मूठ काढून खिशात घालून घरी न्यायचे. पुढच्या हंगामापर्यंत."

"मग यंदा?"

वीरेशनं दाराबाहेरच्या बाकाकडं पाहिलं. "यंदा पेढे वाटायच्या गडबडीत विसरले. वाफ बंद केली, बाहेर येऊन टेकले, अन् उठलेच न्हाईत. धडधाकट माणूस."

रियाजला वाईट वाटलं, पण हसूही आलं. माणसं कशाचा संबंध कशाशी लावतील, नेम नाही. "बरं बाबा, घेतला चार्ज," असं म्हणून त्यानं मूठ खिशात टाकली.

संध्याकाळी डबा बसवून त्यानं वीज चालू केली. टर्बाइन थांबलेलं, म्हणजे पडद्यावर शून्य यायला हवं होतं.

आलं बहात्तर.

त्यानं अर्थिंग तपासलं. सेन्सरची वायर उपटली. बॅगेतला दुसरा डबा लावून पाहिला. बहात्तर. तेवढ्यात दुकानमालकाचा फोन आला, काम लांबलं म्हणून त्यानं रियाजला चांगलंच झापलं. फोन ठेवून रियाजनं पाहिलं तर पडद्यावर शहाण्णव होते.

तो तिथंच बसला. मनगटावर दोन बोटं ठेवली, घड्याळ लावलं आणि मिनिटभर मोजलं. शहाण्णव.

रियाज हट्टी होता. मूठ टर्बाइनवर ठेवून तो गेटकडं चालू लागला आणि वीरेशला फोनवर आकडे वाचायला लावले.

"सत्तर," वीरेश म्हणाला. "बासष्ट. चौपन्न."

गेटपाशी पोचेतो रियाजच्या कानात शिट्टी वाजू लागली. पायातलं बळ गेलं.

"एक्केचाळीस! भाई, मागं फिरा!"

भिंत धरत तो परतला. मूठ हातात घेतली तेव्हा कुठं छातीत हवा शिरली. मग त्यानं ती वीरेशपुढं धरली. वीरेशनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"थंड मशीनीचा चार्ज न्हाई घेत, भाई. घरी दोन लेकरं हायेत. बॉयलर पेटू द्या, टर्बाइनला वाफ लागू द्या, मग घेतो. तवर सोडू नका."

रियाजला स्वतःची लाज वाटली. मूठ पुढं करताना त्याला ती लेकरं आठवलीच नव्हती.

आठ दिवस, एवढंच. नांदेडला आल्यावर तो मूठ घेऊन जेवला, मूठ घेऊन त्यानं अंघोळ केली, झोपताना मुठीवर रुमाल बांधून घेतला. घरी कुणाला काही सांगितलं नाही. वीरेश रोज सकाळी पडद्यावरचा आकडा फोनवर कळवी, आणि तो ऐकून रियाजला जिवात जीव आल्यासारखं वाटे.

सातव्या दिवशी तिकडं कारखान्यात बॉयलर पेटवायची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी वाफ लागणार होती. दुपारी जेवण अंगावर आलं आणि कितीतरी दिवसांनी त्याला निवांत डोळा लागला. रुमाल सैल झाला होता.

"अब्बा, ये मैं लूँ?" आठ वर्षांची जेबा, त्याची एकुलती एक पोर, कानाशी विचारत होती.

"हाव बेटा, ले," तो झोपेतच म्हणाला.

फोन वाजला तेव्हा उन्हं अंगणाच्या भिंतीवर चढली होती.

"भाई, पळायलात का?" वीरेश विचारत होता. "आकडा एकशे अठ्ठावीस झालाय."

रियाजनं हाताकडं पाहिलं. रुमाल होता. मूठ नव्हती.

त्यानं मनगटावर बोटं ठेवली. त्याची नाडी संथ चालली होती. छाती मोकळी होती.

अंगणातून पळणाऱ्या पावलांचा आवाज येत होता. पावलं थांबली.

जेबा दारात आली. घामेजलेली, दोन्ही हात रिकामे.

"अब्बा, वो गोला नाली में बह गया."

"एकशे चार," फोनवर वीरेश म्हणाला. "अठ्ठ्याऐंशी. उतरायलाय बघा, भाई. आता काळजी न्हाई."