एकच ठोका

खोटं वाटलं तर वाटू दे. मी स्वतः तिथे उभी होते, पूर्ण शुद्धीत. सकाळचे नऊ वाजले होते आणि आमच्या बेटाच्या धक्क्यावर दाट धुकं होतं.

धक्क्यासमोर बाबांचं दुकान. दोरखंड, खिळे, डांबर. तीनदा नगरसेवक झाले, पण कधी मिरवले नाहीत. धुकं पडलं की गिऱ्हाईक तसंच टाकून हातोडी घेऊन धावायचे. धक्क्यावरची घंटा वाजवायला.

तीन ठोके म्हणजे, वाट मोकळी आहे, या.

एकच ठोका म्हणजे, मध्ये खडक आहेत, लांब राहा.

बेटावरचं शेंबडं पोरही हे सांगेल. नगराध्यक्षाने मात्र कधी विचारलंही नाही. म्हणे, "सगळ्यांकडे मोबाइल आहेत, आता घंटा कशाला?"

"मोबाइलला धुक्यात खडक दिसतो का हो?" बाबा सभेत एकटेच भांडले. बाकीचे हसले.

घंटा उतरवून पालिकेच्या गोदामात टाकली. सहा महिन्यांनी, दुकानाचा माल आणताना, धुक्यात बाबांची होडी त्याच खडकांवर फुटली. बाबा गेले.

शोकसभेत हा मेला नगराध्यक्ष काय म्हणाला? "दैवापुढे कुणाचं चालतं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महिन्याभराने पुन्हा तसंच धुकं पडलं. मी सवयीने बाबांची हातोडी उचलली आणि धक्क्यावर गेले. घंटा कुठे होती? रिकामी चौकट तेवढी.

तेवढ्यात खडकांच्या बाजूने इंजिनाचा आवाज आला. नगराध्यक्षाची मोटारबोट. एकटाच असायचा तिच्यात.

आणि मग...

टण्ण...

एकच ठोका. माझ्या डोक्यावर.

मी वर बघितलं. चौकटीतला घंटा टांगायचा नुसता आकडा... हलत होता. वारा अजिबात नव्हता.

टण्ण...

"ऐकू आलं! आलोच!" तो धुक्यातून ओरडला. इंजिनाचा वेग वाढला.

बाबा त्याला लांब राहा म्हणत होते. ज्याच्यामुळे जीव गेला, त्याला! आणि त्या अडाण्याला ते कळत नव्हतं.

मला कळत होतं. माझी एक हाक पुरली असती.

मी तोंड उघडलं नाही.

फळ्या मोडल्या. एक किंकाळी. मग काहीच नाही...

ठोके ऐकलेल्या लोकांनी दुपारी गोदाम उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. घंटा पोत्यांखाली पडली होती... ओलीचिंब. घाबरून त्याच आठवड्यात ती पुन्हा धक्क्यावर टांगली. वाजवायचं काम मी मागून घेतलं.

आजही धुकं पडलं की हातोडी घेऊन निघते. मी दुकानाच्या पायऱ्या उतरते न उतरते तोच...

टण्ण...

एकच ठोका. समुद्रात एकही होडी नसताना.

मी तिथेच थांबते. रडू येतं आणि रागही येतो. त्याला वाचवायला धावलात ना, बाबा? मग पोटच्या मुलीला लांब राहा का म्हणता?