शंभर टक्के निकालाचा गुडघा

मिरजेच्या सांधे-प्रयोगशाळेच्या भिंतीवर हिरवा आकडा उमटला : सत्त्याण्णव.

"अभिनंदन, यमुताई. गुडघा उत्तम बसलाय," चाकांच्या खुर्चीवरून सरकत डॉ. सबनीस म्हणाले.

यमुताई पेंढारकरांच्या डोक्यात तिडीक गेली. "मांडी घालता येत नाही मला. मी तबला वाजवते."

"खुर्चीत बसून वाजवा की."

"तुम्ही घोड्यावर बसून ऑपरेशनं करा की."

यंत्रतज्ज्ञ तस्नीम मुजावरने मध्ये पडून समजावलं. हा स्वमापी कृत्रिम गुडघा. प्रत्येक हालचाल स्वतःच तपासतो. जमली की गुण, फसली की कपात, केलीच नाही तर काहीच नाही. सरासरी राखणं एवढाच त्याच्या मेंदूला ध्यास. फसेल अशी शंका आली की तो आधीच ताठ होतो.

"म्हणजे कच्च्या पोरांना दहावीचा फॉर्मच भरू द्यायचा नाही आणि फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा," यमुताई म्हणाल्या. "माझ्या पायात शाळा काढलीत तुम्ही."

"मांडी अभ्यासक्रमात घालू," सबनीस उदारपणे म्हणाले. तस्नीमने मांडीला भरघोस गुण ठेवले.

यमुताई कोपऱ्यातल्या सतरंजीकडे निघाल्या. गुडघ्याने विचार केला : मांडी फसणार, सतरंजी गाठली नाही तर फसणार नाही. दुसऱ्याच पावलाला तो दगड झाला. आकडा जागचा हलला नाही. यमुताईही.

"बघा, एक गुण कमी झाला नाही," सबनीस समाधानाने म्हणाले.

"इकडे या. हात लावून बघा."

सबनीस सरकत आले.

"उठून या."

"गरज पडत नाही हो. माझे दोन्ही गुडघे हेच आहेत."

यमुताईंची नजर फरशीवर गेली. खुर्चीच्या चाकांनी तिथे खोल चरे पाडले होते.

"बाळ," त्या तस्नीमला म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याचा मेंदू बंद कर."

"ताई, मग तुम्ही नापास दिसाल."

"दिसू दे."

तस्नीमने तो बंद केला. टेबल धरून, दातओठ खात यमुताई खाली बसल्या. मांडी वाकडी पडली, गुडघा वर राहिला, डोळ्यांत पाणी आलं. पण बसल्या. कचऱ्याचा डबा पुढ्यात ओढून त्यांनी त्यावर रागारागाने तीनताल धरला. भिंतीवर लाल शून्य आलं.

"आता तुम्ही," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "उठा."

सबनीसांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि जोर लावला. कपाळावरची शीर फुगली. गुडघे जागचे हलले नाहीत.

भिंतीवर त्यांचा आकडा उमटला. शंभर.