आहुप्याच्या कड्यावरची वीस मिनिटं

निजलेला वारा मेलेला नसतो, एवढं सिद्ध करायला जानेवारी २००४ मध्ये आम्ही आहुप्याच्या कड्यावर गेलो. सिद्ध करायचं होतं माझ्या धाकट्या बहिणीला, यशोधराला. मी समाधान, लोणीचा वेल्डर. वारा मोजायचं यंत्र बसवायचा वीस फुटी खांब माझ्या हातचा.

तिचे पीएचडीचे, पुण्याचे सर म्हणायचे, "खाली गार, जड हवा बसली, की वरून वारा कितीही घासत जाऊ दे, तिला उचलू शकत नाही. खळबळ विझते."

"विझत नाही सर, दबा धरून बसते!" यशी म्हणायची.

सरांनी अट घातली: खळबळ दिसेल अशी कड्यावरची सलग वीस मिनिटांची नोंद आणा, नाहीतर विषय बदला. म्हणजे चार वर्षांचं काम पाण्यात! त्यात यंत्र मिळालेलं फक्त तीन दिवसांसाठी.

एसटीनं गावाच्या अलीकडंच उतरवलं. खांबाचे तुकडे खांद्यावर घेऊन आम्ही वाट दाखवणाऱ्या आहुप्याच्या गोजरबाईंच्या मागून रान तुडवत कड्यावर पोचलो. खांबाचे दोर बांधायला मी खुंट्या ठोकू लागलो तशा त्या म्हणाल्या, "पावणं, हितं चार बोटं माती, खाली कातळ. दोर धोंड्याला बांदा."

मी कसला ऐकतोय! लोणीच्या काळ्या मातीत याच खुंट्यांनी माजलेले बैल अडवले होते.

दोन पहाटा फुकट गेल्या. हवेची हालचाल दिसावी म्हणून पेटवलेल्या ओल्या पाल्याचा धूर थोडा वर जायचा आणि दुधावरच्या सायीसारखा सपाट पसरायचा. तिसऱ्या दिवशी दिशा उजळत असताना त्या धुरावर लाटा उठल्या. वाढल्या. वळल्या. फुटल्या!

"दादा, आली!"

धाड! वाऱ्याचा तडाखा बसला. खालची गार हवा उसळली, वरची उबदार हवा अंगावर कोसळली. माझी खुंटी उपटली! खांब खाली कोकणात उतरणाऱ्या दरीकडं कलला. मी दोर कमरेला गुंडाळून मागं रेललो, तर पायच घसरायला लागले.

"सोड दादा! यंत्र गेलं तर जाऊ दे!" यशी रडायलाच लागली.

"गप! खांब सरळ झाला का सांग!"

"आवं, असं धरून तुमीबी कोकणात जाल अन् खांबबी!" गोजरबाईंनी दोराचं मोकळं टोक ओढून धोंड्याला दोन वेढे दिले. "आता वडा, राव!"

खांब उभा राहिला. यशीनं डोळे पुसून मिनिटं मोजायला सुरुवात केली. मधेच सगळं चिडीचूप व्हायचं, मग पुन्हा तडाखा! दोर तळहात सोलत होता. लई आग होत होती, पण सोडतो कुठला!

"वीस!" ती ओरडली, आणि मी मटकन खाली बसलो.

आठवड्यानं सरांनी आलेखावरच्या उसळ्या पाहिल्या. "यंत्रात बिघाड असेल," म्हणाले.

मी पट्ट्या सोडून दोन्ही तळहात त्यांच्या टेबलावर ठेवले.

"बिघाड वाटत असेल तर पुन्हा जाऊ, सर," यशोधरा म्हणाली. "या खेपेला दोर तुम्ही धरा."

सरांनी पेन उघडलं आणि तोच विषय पुढं चालू ठेवायच्या कागदावर सही केली.