चोविसावा हात

यातला एकही शब्द खोटा असेल तर माझी जीभ झडून पडो! मुद्दाम मोठ्यानं सांगते, शेजारच्या सफियालाही ऐकू जाऊ दे. दाभोळला असताना भुतांच्या शंभर गोष्टी रचल्या मी, पोरांना जेवायला बसवायला. ही तसली नव्हे. ही सांगताना माझं डोकं फिरतं.

इथं कुवेतमधे, बनेद अल-गारला समुद्राकडच्या गल्लीत एक सहा मजली इमारत होती. क्रोएशियाच्या साहेबानं बांधलेली. तेव्हा तो देश युगोस्लावियात होता. नाव झ्वोनिमिर, पण आपले कोकणातले कामगार म्हणायचे झोनीसाहेब. इमारती बांधायचा, चित्रंही काढायचा. गिलावा त्याला खपत नसे. सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेषा काँक्रीटवर तशाच दिसल्या पाहिजेत. आणि खालच्या दालनात एक अख्खी भिंत कामगारांची: ओल्या सिमेंटात प्रत्येकानं पंजा दाबायचा.

त्या फळ्या ठोकणारा एक सुतार म्हणजे माझा नवरा, महबूब. एकोणऐंशी साली ठेकेदाराचं पत्र आलं. महबूब काम सोडून पळाला. बस, एवढंच. इम्तियाज दोन वर्षांचा होता. तेव्हापासून मी पळपुट्याची बायको. शेहेचाळीस वर्षं लग्नाकार्यात मागची खुर्ची. इम्तियाजला तर बापाचं नाव काढलेलं चालत नाही.

आता बघा कसं असतं. इम्तियाज इथं कुवेतला इमारती पाडणाऱ्या कंपनीत फोरमन, आणि त्याच्या वाट्याला आली नेमकी हीच इमारत. त्याची पोरगी इक्रा आर्किटेक्टचं शिकतेय, तिचा प्रोजेक्ट याच साहेबावर. पाडायच्या आधी फोटो काढायला ती निघाली. मीही चप्पल घातली.

सोमवारची दुपार. एसी कधीचे काढून नेलेले, दालनाची भट्टी झालेली. इक्रानं साहेबाच्या वेळचा फोटो समोर धरून पंजे मोजले.

"दादी, फोटोत तेवीस आहेत. इथे ट्वेंटी-फोर."

तेवीस पंजे आत दबलेले. चोविसावा बाहेर आलेला. कणकेच्या गोळ्याखाली कुणी हात ठेवावा, तसा फुगवटा.

"काँक्रीट फुगतं, दादी. इट हॅपन्स." असं म्हणाली खरी, पण बोट लावलं नाही तिनं.

मंगळवारी गेले तर चार बोटं निघालेली. बुधवारी मनगट. सगळी भिंत कोरडी ठणठणीत आणि हात तेवढा घामेजलेला.

घरी येऊन इम्तियाजला सांगितलं.

"अम्मी, तो माणूस पळाला. भिंतीत नाही शिरला."

"ठेकेदाराचं खरं आणि आई पागल?"

"उद्या मशीन येतंय. तू येऊ नको."

मग इक्रानं साहेबाचं पुढचं सांगितलं. ही इमारत संपवून तो आपल्या बेटावर परत गेला. पुन्हा एक वीट रचली नाही. मरेपर्यंत तीस वर्षं एकच चित्र काढत राहिला. भिंत, आणि भिंतीतून बाहेर आलेला हात.

"मास्टरपीसेस आहेत, दादी. म्युझियममध्ये टांगलीत."

"आग लाव त्या मास्टरपीसला! तीस वर्षं हात काढत बसला मेला, आणि एक चिठ्ठी लिहायला त्याचा हात चालेना?"

गुरुवारी सकाळी मी त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. समोर मशीन घरघरत होतं. कामगार हसत होते. इम्तियाज लालेलाल होऊन आला.

"अम्मी, हट. लोक बघतायत."

"बघू देत. शेहेचाळीस वर्षं बघतच आलेत."

आणि मी बाजूला झाले.

हात कोपरापर्यंत आला होता. फळीच्या रेषा पार बोटांपर्यंत उमटलेल्या. करंगळी वाकडी, आत वळलेली.

"तुझ्या बापाची करंगळी अशीच वाकडी होती," मी म्हटलं.

इम्तियाजनं हेल्मेट काढलं. बापाचा चेहराही आठवत नाही त्याला.

त्यानं आपला हात त्या हातात दिला.

बोटं मिटली.

कुणीतरी मशीन बंद केलं.

"अब्बा," इम्तियाज म्हणाला.

बोटं सुटायला बराच वेळ लागला.

मग त्यानं स्वतः कटर चालवला. मागे हाड नाही, काही नाही, नुसतं काँक्रीट. तो हात आता आमच्या खिडकीत असतो. इम्तियाज दर शुक्रवारी समोर बसून फातिहा पढतो. गावी सगळ्यांना त्यानं फोन केले, अब्बा पळाले नव्हते म्हणून. परवा माझ्या दिराचा फोन आला, म्हातारा रडत होता. "माफ कर, भाभी."

जीभ अजून जागेवर आहे ना माझी? मग एक कबूल करते.

भिंतीतली करंगळी वाकडी होती, ते खरं. महबूबची नव्हती. त्याच्या दोन्ही करंगळ्या सरळ, खिळ्यासारख्या. ते मी रचलं, तिथंच, उभ्या उभ्या. कुणा दुसरीचा नवरा आणलाय मी घरी. तीही कुठंतरी मागच्या खुर्चीत बसली असेल. इम्तियाजला सांगू नका.

आणि सांगून तरी काय? काल धूळ पुसताना पाहिलं. करंगळी सरळ होत चाललीय.