जुनी जागा विकली गेली तरच

तो आला तोच चुकीच्या दिवशी. एजंटनं रविवार दिला होता. हा शनिवारी दुपारी दारात उभा, हातात मोजपट्टी... आणि माझ्या ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला.

"घर बघायला आलोय," असं म्हणून तो जमिनीकडे बघत राहिला.

"उद्या यायचं होतं तुम्ही."

"मग उद्याही येतो."

आलाही. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. कुठे माणसं अडकली की याला फोन. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर "ही ओळ दिसते का?" विचारायचं, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानात जाईपर्यंत तोंडातून शब्द नाही. आई गेल्यापासून हे असंच. घर तिनं माझ्या नावावर केलं होतं, पण मी एकटीनं राहू नये असं दादाला वाटे. "विकून टाक आणि आमच्याकडे ये. हॉलमधला दिवाण तुझाच," तो म्हणे. त्याची माया खोटी नव्हती. पण तो दिवाण मला नको होता.

तरी करार केला. त्यात एक अट होती : लिफ्टवाल्याची जुनी जागा दोन महिन्यांत विकली गेली, तरच तो माझं घर घेणार, नाही तर करार रद्द.

मग दर शनिवारी तो मापं घ्यायला येऊ लागला. पडद्यांची, कपाटाची... एकाच खिडकीची तीनदा.

"मागच्या शनिवारपासून वाढलीय का खिडकी?" मी विचारलं.

"शंका आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "चहा घेऊन नक्की सांगतो."

चहा व्हायचा. मी पोटभर हसायचे, आणि तो गेला की दोन कप विसळताना उगाच रडू यायचं.

दोन महिने संपले. त्याची जागा काही विकली जाईना. त्यानं आणखी एक महिना मागितला— मी दादाला न विचारता सही ठोकून मोकळी.

त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दादाचा फोन. "एजंट भेटला होता. तुझ्या लिफ्टवाल्याकडे चांगलं गिऱ्हाईक आलेलं, यानंच परत पाठवलं. दोनदा! खेळवतोय तो तुला. आजच्या आज करार मोड."

संध्याकाळी तो आला. मी त्याला पाणीही विचारलं नाही.

"गिऱ्हाईक परत का पाठवलंत?"

त्यानं हातातली मोजपट्टी ओढली, सोडली. मग म्हणाला, "जागा विकली असती, तर तुम्ही दादांकडे गेला असतात. मी इथे एकटा काय करू?"

"म्हणून तीन महिने मला टांगून ठेवलंत? विचारायचं तरी."

"नाही म्हणाला असतात तर... शनिवारही गेला असता."

मला त्याचा भयंकर राग आला होता. आणि तो मला आवडत होता, तेही तितकंच.

करार रद्द करायचा कागद एजंटनं पाठवूनच दिला होता. त्यात कारणाची जागा कोरी होती. मी लिहिलं : मला घर विकायचे नाही. लिहून झाल्यावर कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

त्यानं ते वाचलं. "दादांना काय सांगाल?"

"दिवाण माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस म्हणून."

तो हसला नाही. खाली सही केली, मोजपट्टी खिशात घातली, आणि दाराशी बसून बूट चढवू लागला. आता या घराची बेल वाजवायचा त्याला काहीच हक्क उरला नव्हता. ते त्याला कळत होतं, मलाही.

एक बूट चढवून तो थांबला. "मग... यापुढे काय कारण काढून येऊ?"

"काही कारण न काढता येऊन बघा की."

त्यानं पायातला बूट काढला आणि आत आला.