थकवा जातो कुठे

धाकटीच्या ऑफिसात केससुद्धा फुकट कापून मिळायचे. तळमजल्यावर न्हावी होता, त्याच्या शेजारी दातांचा डॉक्टर, आणि पलीकडे कपडे धुऊन इस्त्री करून देणारा. प्रत्येक मजल्यावर फळं, सूप, तऱ्हेतऱ्हेची कॉफी. दारात छत्र्या ठेवलेल्या असत. न्या, परत नाही आणल्या तरी कुणी विचारणार नाही. नवा लागलेला माणूस पहिला आठवडाभर लग्नघरातल्यासारखा खूश होऊन फिरायचा. मग हळूहळू त्याच्या लक्षात यायचं की घरी जायला आपल्याला काही कारणच उरलेलं नाही.

धाकटीचं काम रस्ते दाखवणाऱ्या नकाशांचं. जगात कुठे ना कुठे कुणीतरी वाट चुकलेलं असतंच, त्यामुळे नकाशा अडला की तिचा फोन किंचाळायचा. मग ती जेवत असो, अंघोळ करत असो की ताईशी भांडत असो. टीममधली निम्मी माणसं कंटाळून सोडून गेली होती. त्यांच्या जागी माणसं आली नाहीत, कॉफीचं नवं यंत्र आलं. साहेबांना सगळे माघारी गोडबोल्या म्हणत. रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे गेलं की ते मान तिरकी करून एवढंच विचारायचे, "आज खुर्चीत बसलीस का?"

खुर्ची सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. बिनखिडकीची खोली, राखाडी गालिचा आणि मधोमध ती, दोन माणसं जरा दाटीवाटीने मावतील एवढी रुंद. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी ती नेहमी कोमट असायची. बसलं की डोळे आपोआप मिटायचे. उठलं की मानेचा ताठरपणा गेलेला, मनगटातली कळ गेलेली, डोळ्यांची आग थांबलेली. आणि राग, तोही उतरलेला. धाकटी मूळची तापट. पण गोडबोल्याला चार शब्द सुनवायचे ठरवून निघालेली धाकटी वाटेत खुर्चीत बसली, तर त्याच्या खोलीत जाऊन चक्क हसून परत यायची.

खोलीच्या भिंती फोटोंनी भरल्या होत्या. वर्षातून एकदा कंपनीचा कुटुंब-दिवस असायचा, आणि जो तो आपलं माणूस घेऊन यायचा. त्याच खुर्चीत दोघांना शेजारी बसवून फोटो काढायचे, ही तिथली पद्धत. आईवडील गेल्यावर धाकटीला वाढवलं ते ताईनेच, तेव्हा धाकटीने तिलाच नेलं होतं. ताई सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. भरदार दंड, आणि शिट्टीशिवाय तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा आवाज. घरी आली तरी हात काही ना काही आवरतच असायचे. फोटोग्राफरलासुद्धा ती म्हणाली होती, "लवकर काढा हो, मला बसायची सवय नाही."

त्यानंतर काही दिवसांनी ताई जेवताजेवता पेंगायला लागली.

आधी दोघींनी हसण्यावारी नेलं. वय झालं म्हणायचं, असं ताई म्हणाली. मग तिचं उजवं मनगट दुखायला लागलं. दिवसभर उजेडात उभी राहणारी बाई घरात दिवा लावू देईना. डोळे जळतात म्हणायची. मान अशी आखडली की मागून हाक मारली तर अख्खी वळायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणून सांगितलं. "कॉम्प्युटरवर फार वेळ बसता का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ताई खो खो हसली. तिने आयुष्यात लॅपटॉप उघडला नव्हता.

धाकटीला काळजी वाटायची, नाही असं नाही. पण नकाशाची नवी आवृत्ती यायची होती, फोन सारखा किंचाळत होता, आणि ती दिवसातून अनेकदा वर जाऊन खुर्चीत बसत होती. उठली की काळजीही गेलेली असायची.

एका दुपारी ती खुर्चीतून उठली. अंग पिसासारखं हलकं झालं होतं. त्याच वेळी हातातला फोन वाजला. तलावावरचा जीवरक्षक बोलत होता.

"तुमच्या ताई पाण्यात झोपल्या हो," तो म्हणाला. त्याला दम लागला होता. "चक्कर नाही, काही नाही. मुलांना हात कसा मारायचा ते दाखवत होत्या आणि झोपल्या. तशाच तळाला गेल्या. काढलंय मी वर. या तुम्ही लवकर."

दवाखान्यात ताई डोळे मिटून पडली होती. ओठ पांढरे पडले होते. तिची बोटं मात्र चादरीवर भराभर चालत होती. धाकटी बघत राहिली. ती थरथर नव्हती. दहाही बोटं टाइप करत होती, मध्येच थांबत होती, करंगळीने चुकलेलं खोडत होती आणि पुन्हा सुरू होत होती.

"म्हातारी परत बसली," ताई झोपेत पुटपुटली. "कुणीतरी उठवा तिला."

टीमच्या सगळ्यात जुन्या सर्व्हरला म्हातारी म्हणत, आणि तो बंद पडला की 'म्हातारी बसली'. हे नाव तिने घरी कधीच उच्चारलं नव्हतं. आणि म्हातारी बसली होती ती त्याच दुपारी, धाकटी खुर्चीकडे जाण्याच्या जरा आधी.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या टेबलावरच्या चष्मिशला गाठलं. तो एकटा राहायचा. कुटुंब-दिवसाला तो आपली कुत्री घेऊन आला होता, आणि सगळ्यांना त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

"तुझी कुत्री कशाने गेली रे?"

चष्मिशने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "झोपून झोपून. तरणीताठी होती. चेंडू टाकला तरी नुसती बघायची."

"आणि तू तेव्हा खुर्चीत बसायचास?"

"सगळेच बसतात." मग तो अगदी हळू म्हणाला, "कंपनीने नवं पिल्लू दिलं मला. फोटोही काढला लगेच. मी नको म्हणत होतो."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक कर्मचारी कल्याण विभागाच्या बाईंकडे गेली. बाईंनी तिला पाणी दिलं, बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"आमचा थकवा जातो कुठे?" तिने विचारलं.

बाई गोड हसल्या. "कुठे का जाईना. गेल्याशी कारण ना?"

"माझी बहीण मरता मरता वाचलीय!"

"अरेरे. आपले डॉक्टर पाठवू का घरी? तुम्हाला काहीच खर्च नाही. नर्सही देता येईल."

"नको तुमचं काही! माणसं द्या कामाला! निम्म्या माणसांत दुप्पट काम उपसायला लावता आणि वर फळं चारता? कसायाच्या दारातल्या बकऱ्या वाटलो का आम्ही?"

"तुम्ही फार दमलेल्या दिसता," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटं वर जाऊन या ना. सक्ती नाही हं."

धाकटी वर गेली खरी. भिंतीवरचा दोघींचा फोटो उचकटून तिने टराटरा फाडला, आणि सगळा जीव एकवटून खुर्चीला लाथ घातली. खुर्ची हललीसुद्धा नाही. तिचा पायही दुखला नाही.

संध्याकाळी दवाखान्यात ताईची चादर नीट करताना तिला दिसलं, ताईच्या उजव्या पायाचा अंगठा काळानिळा पडून टम्म सुजला होता.

तिने नोकरी सोडली. कुणी अडवलं नाही. उलट जाताना सुका मेवा आणि मऊ शाल दिली. ती तिने फाटकाबाहेरच्या कचरापेटीत कोंबली.

ताई सुधारली. मान वळायला लागली, मनगट सुटलं, आणि एके दिवशी धाकटीला जाग आली ती ताईच्या ओरडण्याने. शेजारणीशी कचऱ्यावरून भांडण चाललं होतं. धाकटी अंथरुणात बसून आनंदाने रडली. मग तिने ताईला सगळं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छकुले, तुला त्या लोकांनी पार पिळून काढलंय ग." तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

तलावावर मात्र ताईच्या जागी दुसरी बाई आली होती. धाकटीला नवं काम मिळत नव्हतं. आणि अशात कंपनीतून फोन आला, धाकटीला नव्हे, ताईला. तळघरात कर्मचाऱ्यांसाठी पोहण्याचा तलाव बांधला होता. शिकवायला माणूस हवं होतं, ताई कुटुंब-दिवसापासून त्यांच्या लक्षात होत्या.

धाकटी किंचाळली. तिने हातातली ताटली आपटून फोडली. ताई शांतपणे तुकडे गोळा करत राहिली.

"दोघींनी घरात बसून खायचं काय?" ती म्हणाली. "मी पाण्यात असणार. वरच्या मजल्याशी माझा संबंधच नाही. त्या खुर्चीला शिवणारसुद्धा नाही, तुझी शपथ."

ताई शपथ मोडणारी बाई नव्हती. ती कामाला जायला लागली.

धाकटीला दिवसा झोप यायला लागली. इतक्या वर्षांचा शीण आहे, निघेल, असं तिला वाटलं. अर्ज लिहायला बसली की हात जड व्हायचे. दंड भरून यायचे. मग खांदे. मग जिना चढवेना.

एका संध्याकाळी ताई घरी आली ती गुणगुणत. गाल तुकतुकीत झाले होते, चाल पोरीसारखी.

"काही म्हण, इथे दमायलाच होत नाही," ती म्हणाली.

धाकटी पलंगावर पडून होती. "ताई, तू बसतेस का त्या खुर्चीत?"

"नाही ग. शपथ घेतलीय ना तुझी. तलावाच्या काठाला बाक आहेत, पाण्यातून निघालं की सगळे त्यावरच टेकतात. इतके छान कोमट असतात."

धाकटीला ओरडायचं होतं. ताईला गदागदा हलवायचं होतं, त्या इमारतीच्या काचा फोडायच्या होत्या. राग आत कुठेतरी होता, पण तो वर आणायलाही अंगात जोर लागतो. तिचे ओठ नुसते हलले.

"झोप हं छकुले," ताई म्हणाली आणि तिने पांघरूण वर ओढलं.

पांघरुणाबाहेर धाकटीचा हात राहिला होता. दिवसभर ती पलंगावरून उठली नव्हती. तिच्या पाचही बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, तासन्तास पाण्यात राहिल्यासारखी.